मॅक्स वाईट की आपण वाईट? आणि दादाला फोन कसा करू?

ताई, नमस्कार.

मी चिंचवडला राहतो, वय ३१, चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. थोरला भाऊ २०१६ पासून नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनला. आम्ही दोघंही फॉर्म्युला वनचे वेडे. लहानपणी रविवारी संध्याकाळी हॉलमधला टीव्ही आमचाच असायचा. मी पहिल्यापासून लुईस हॅमिल्टनचा. दादा तिकडे गेला आणि हळूहळू डच ड्रायव्हर मॅक्स व्हेर्स्टापेनचा झाला, केशरी टी-शर्ट घालून झांडव्होर्टच्या शर्यतीला जायला लागला. २०२१ च्या अबू धाबीनंतर आमची रोजची खडाखडी सुरू झाली, पण ती चेष्टामस्करीच होती. गेल्या डिसेंबरात मॅक्सचं विजेतेपद दोन गुणांनी हुकलं तेव्हा मी घरच्या ग्रुपवर लिहिलं, ‘बार्सिलोनाचं पाप फेडलं. खोटं वागणाऱ्याला देव बघतो.’ दादाने सिल्व्हरस्टोन काढलं. मग मी लिहून गेलो, ‘तूही तिकडे राहून त्याच्यासारखाच झालास. बाबांच्या बायपासच्या वेळी कुठे होतास?’ (ऑपरेशन मे २०२१ मध्ये झालं.) तेव्हापासून दादाचा मला फोन नाही. आईशी बोलतो, माझी चौकशी वहिनी करते. या मे महिन्यात चुलतबहिणीच्या लग्नाला सगळे येणार आहेत. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मॅक्सचा स्वभाव वाईट आहे असं म्हणालो तर माझं काय चुकलं? सगळं जग तेच म्हणतं. आणि दादाशी बोलायला सुरुवात कशी करू?

— एक हॅमिल्टनवाला, चिंचवड

नमस्कार.

आधी पहिला प्रश्न घेते. तो सोपा आहे, आणि त्यावर बोलायला मलाही आवडतं.

‘सगळं जग’ असं काही म्हणत नाही. सिल्व्हरस्टोनच्या स्टँडमधलं जग एक म्हणतं, झांडव्होर्टच्या केशरी धुरातलं जग दुसरं. तरी तुमच्या रागाला आधार नाही असं मी म्हणणार नाही. बार्सिलोनाचंच घ्या. १ जून २०२५. शर्यत संपत आलेली, अँटोनेलीची गाडी बंद पडली म्हणून सगळ्यांचा वेग रोखणारी सेफ्टी कार आली. बाकीच्यांनी जास्त वेगवान सॉफ्ट टायर चढवले, मॅक्ससाठी त्याच्या टीमकडे, रेड बुलकडे, नवा संच उरला होता तो फक्त हार्डचा. शर्यत पुन्हा सुरू होताना त्याची गाडी मागून सुटली, लक्लेर त्याला घासून पुढे निघून गेला, पहिल्या वळणावर रसेल आत घुसला आणि मॅक्स रस्त्याबाहेरून फिरून परत त्याच्यापुढेच आला. टीमने रेडिओवर सांगितलं, जागा परत दे. गडी तणतणला. पाचव्या वळणाआधी वेग कमी केला, रसेल बाजूने पुढे सरकायला लागला, आणि आता जागा देतोय असं वाटत असतानाच याने गाडी दामटली. चाकाला चाक लागलं. दहा सेकंदांची पेनल्टी बसली, पाचव्यावरून थेट दहावा, दहा गुणांच्या जागी एक. शिवाय लायसन्सवर एकूण ११ पेनल्टी पॉइंट झाले. १२ झाले की एका शर्यतीची बंदी असते.

ही चूक पूर्णपणे त्याची होती. रेड बुलचा टायरचा घोळ, लक्लेरचा धक्का, कशामागेही ती लपवता येत नाही. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच लिहिलं की जे झालं ते बरोबर नव्हतं, व्हायला नको होतं.

तुम्ही पक्के फॅन आहात म्हणून आणखी दोन प्रसंग त्याच्याशेजारी ठेवते. डिसेंबर २०२१, जेद्दा. तिथेही टीमने सांगितलं होतं की लुईसला जागा परत दे. मॅक्सने सरळ रस्त्यावर वेग कमी केला, मागच्या लुईसला काय चाललंय ते कळेना, आणि मग मॅक्सने असा ब्रेक मारला की लुईसचा पुढचा विंग त्याच्या गाडीवर आदळला. पंचांनी डेटा काढला: ब्रेकवर ६९ बार दाब आणि २.४ जी. माझ्या मते २०२१ मधलं मॅक्सचं सगळ्यात वाईट ड्रायव्हिंग हेच, अबू धाबी नव्हे. दुसरा प्रसंग नोव्हेंबर २०२२ मधला, ब्राझीलचा. विजेतेपद केव्हाच खिशात होतं, सहकारी पेरेझला दुसऱ्या क्रमांकासाठी गुण हवे होते. टीम म्हणाली, सहावी जागा त्याला सोड. मॅक्सने सोडली नाही, वर सुनावलं की मला हे पुन्हा विचारू नका. पेरेझचा दुसरा क्रमांक शेवटी तीन गुणांनी गेला.

तिन्ही वेळी प्रसंग एकच आहे बघा. कानात कोणीतरी सांगतंय, घेतलेली जागा सोड. तिथे या माणसाचं डोकं फिरतं. पावसात, सतराव्या क्रमांकावरून सुरुवात करून, दमलेल्या टायरवर त्याचं डोकं इतरांपेक्षा थंड असतं. २०२४ चं ब्राझील तो तसंच जिंकला. फक्त ‘परत दे’ म्हटलं की संपलं. वडिलांनी ज्या पद्धतीने घडवलं त्याचाही यात वाटा असेल. कार्टिंगमध्ये पोरगा एक मोठी शर्यत हरला म्हणून बापाने परतीच्या वाटेवर त्याला पेट्रोल पंपावर उतरवलं आणि गाडी हाकली, मग वळून आणायला आला. हा किस्सा मुलगा स्वतःच सांगतो. माझा त्याला पाठिंबा नाही, पण कुठलं पाणी कुठे मुरलं असेल ते समजतं.

तर हट्टी म्हणा, चिडका म्हणा, प्रसंगी धोकादायक म्हणा. मी मान डोलावीन. ‘खोटं वागणारा’ मात्र नाही. त्याचा त्रासच असा आहे की मनात येतं ते तोंडावर येतं. २०२४ मध्ये सिंगापूरच्या पत्रकार परिषदेत शिवी तोंडातून गेली, खेळाच्या जागतिक संघटनेने समाजसेवेची शिक्षा दिली, ती त्याने डिसेंबरात रवांडात पोरांबरोबर काम करून पूर्ण केली. दरम्यान पत्रकार परिषदांमध्ये निषेध म्हणून एकेका शब्दात उत्तरं दिली. असल्या माणसाला काहीही म्हणता येईल, दुटप्पी म्हणता येणार नाही.

आता जरा मन घट्ट करा. खोटं वागण्याचाच विषय काढलाय, तर या खेळात पंचांसमोर खरोखरचं खोटं बोलल्याबद्दल शर्यतीतून बाद झालेला जगज्जेता तुमचा लुईस आहे. मार्च २००९, मेलबर्न. शेवटी शेवटी सेफ्टी कार असताना ट्रुलीची गाडी रस्त्याबाहेर गेली, लुईस पुढे आला, टीमच्या बोलण्यावरून त्याने ट्रुलीला परत पुढे जाऊ दिलं. नंतर पंचांसमोर लुईस आणि मॅक्लारेनचा अधिकारी म्हणाले, आम्ही मुद्दाम सोडलं नाही. ट्रुलीला शिक्षा झाली, त्याचं तिसरं स्थान गेलं. मग रेडिओवरचं बोलणं बाहेर आलं. ट्रुलीला तिसरं स्थान परत मिळालं, लुईस बाद. पुढच्या आठवड्यात मलेशियात तो सगळ्यांसमोर उभा राहिला आणि माफी मागितली. तेव्हा तो २४ वर्षांचा होता आणि त्याच्यावरही ‘हा असलाच’ असा शिक्का मारणारे कमी नव्हते. पुढे हा माणूस काय झाला ते तुम्ही मला सांगायची गरज नाही, तुम्ही त्याचेच आहात. त्याला मोठं व्हायला वेळ मिळाला. मॅक्स अजून तिशीत पोचायचाय.

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे फॅनचं कामच आहे. त्याशिवाय रविवारी बघायचं काय? फक्त आपण ते करतोय याची जाणीव हवी. दादाने सिल्व्हरस्टोन काढलं तेव्हा तुम्हाला राग आला, पण मुद्दा खोटा नव्हता. जुलै २०२१, पहिलीच लॅप, कॉप्सचं वळण, लुईसचं पुढचं चाक मॅक्सच्या मागच्या चाकाला लागलं आणि मॅक्सची गाडी ५१ जी च्या धक्क्याने टायरच्या भिंतीत गेली. मॅक्स हॉस्पिटलात तपासण्या करून घेत होता आणि लुईस दहा सेकंदांची पेनल्टी भोगूनही जिंकून झेंडा फिरवत होता. माझ्या हिशेबी तो शर्यतीतला अपघात होता आणि चूक जास्त लुईसची होती. तुमच्या हिशेबी वेगळं असेल. पंधरा माणसांना विचारा, सोळा उत्तरं मिळतील.

आणि अबू धाबी. तुमची सगळी आग तिथून सुरू होते हे पत्रातच दिसतं. दोघे ३६९.५ गुणांवर बरोबरीत, ५८ पैकी ५३ व्या लॅपला लतिफीची गाडी भिंतीवर गेली, आणि शर्यतीचे संचालक मायकेल मासी यांनी लॅपने मागे पडलेल्या गाड्यांपैकी लुईस आणि मॅक्स यांच्यामधल्या पाचच गाड्यांना पुढे जायला सांगून एका लॅपसाठी शर्यत सोडली. लुईसचे टायर जुने हार्ड, मॅक्सचे नवे सॉफ्ट. निकाल तिथेच ठरला. तो नियम वाकवण्याचा निर्णय मासी यांचा. पुढे संघटनेच्या अहवालातही मानवी चूक म्हणूनच त्याची नोंद झाली आणि मासी यांचं पद तोवर गेलं होतं. मॅक्सने त्या लॅपमध्ये काय केलं? समोर फट दिसली, तो घुसला. लुईस असता तर तोही घुसला असता. शर्यतीनंतर लुईस जाऊन मॅक्सला भेटला, त्याच्या वडिलांनीही मॅक्सचं अभिनंदन केलं. ज्यांचं नुकसान झालं ती माणसं त्याच संध्याकाळी हात मिळवून मोकळी झाली आणि चिंचवड-आइंडहोव्हन लाइनवर पाचवं वर्ष चालू आहे.

देवाने बघितलं म्हणता, तर देवाचा हिशेबही जरा पुरा करू. बार्सिलोनात नऊ गुण गेले आणि विजेतेपद दोन गुणांनी मॅक्लारेनच्या लँडो नॉरिसकडे गेलं, ४२३ विरुद्ध ४२१. इथवर तुमचं बरोबर. पण कतारमध्ये शेवटून दुसऱ्या लॅपला अँटोनेलीची गाडी वळणावर बाहेर गेली आणि नॉरिस पाचव्याचा चौथा झाला, दोन गुण जास्त. ते दोन काढले तर ४२१-४२१, आणि मॅक्सचे विजय आठ, नॉरिसचे सात. विजेतेपद मॅक्सचं. नॉरिसवाले म्हणतील, झांडव्होर्टला आमची गाडी तेलगळतीने बंद पडली ते? लास व्हेगासला बाद ठरवलं ते? दादा म्हणेल, ऑस्ट्रियात पहिल्याच लॅपला अँटोनेलीने मॅक्सला मागून ठोकलं ते? २४ शर्यतींच्या मोसमात प्रत्येकाच्या खिशात अशी चिल्लर असते. झांडव्होर्टनंतर मॅक्स तेव्हा आघाडीवर असलेल्या पियास्त्रीच्या (नॉरिसच्या सहकाऱ्याच्या) १०४ गुणांनी मागे होता, उरलेल्या नऊपैकी सहा शर्यती त्याने जिंकल्या, आणि हरल्यावर नॉरिसला मिठी मारून अभिनंदन केलं. यात पाप फेडण्याचा काय संबंध, मला तरी दिसत नाही.

त्या कतारच्या शर्यतीनंतरचं एक तुम्हाला माहीत असेलच, तरी लिहिते. रेडिओवर आणि नंतर टीव्हीवर रेड बुलच्या लोकांनी सुचवलं की पोराने नॉरिसला मुद्दाम सोडलं. अँटोनेली तेव्हा १९ वर्षांचा. रात्रभर त्याच्यावर शिव्या आणि धमक्यांचा पाऊस पडला, त्याने प्रोफाइलचा फोटो काळा केला. रेड बुलला दुसऱ्या दिवशी खेद व्यक्त करावा लागला, कारण साध्या रिप्लेमध्येही दिसत होतं की गाडी घसरली होती. २०२१ मध्ये लतिफीला जिवाच्या धमक्या गेल्या, त्या तुमच्या बाजूच्या लोकांकडून. २०२२ च्या ब्राझीलनंतर मॅक्सच्या आई-बहिणीपर्यंत गेल्या. तुम्ही या लोकांतले नाही, मला माहीत आहे. पण ‘स्वभावच असला’ हे वाक्य त्यांच्याही तोंडी पहिलं असतं. एकदा माणूसच मुळात वाईट ठरवला की मग त्याच्या घरच्यांना, त्याची बाजू घेणाऱ्यांना, त्याचा टी-शर्ट घालणाऱ्यांना काहीही बोलायला रस्ता मोकळा होतो. तुमच्या ग्रुपवर तेच झालं. तीन मेसेजमध्ये तुम्ही मॅक्सवरून दादावर आलात.

आता दादा.

तुमच्या पत्रात मॅक्सवर भरपूर ओळी आहेत आणि बाबांच्या ऑपरेशनवर कंसातली एक. माझं लक्ष त्या कंसाकडेच गेलं. मे २०२१. पुण्यात तेव्हा काय चाललं होतं ते मला नव्याने सांगायला नको. बेडसाठी फोन, ऑक्सिजनसाठी फोन, हॉस्पिटलच्या दारात एकालाच प्रवेश. त्यात बायपास. तुम्ही २६-२७ वर्षांचे होता आणि सगळं एकट्याने निभावलंत. त्याबद्दल घरात कोणी तुम्हाला कधी नीट बसवून ‘तू फार केलंस’ म्हटलं का? माझा अंदाज, नाही. आपल्याकडे जो जवळ असतो त्याने करायचंच असतं, त्याचं कौतुक कसलं!

दुसरी बाजू अशी की एप्रिल २०२१ च्या शेवटी नेदरलँड्सने भारतातून येणारी प्रवासी विमानं बंद केली आणि ती बंदी मेभर राहिली. दादा कसाबसा आला असता तरी परत कधी जाता येईल याची खात्री नव्हती. नोकरी, व्हिसा, वहिनी तिकडे. तो न येण्याचं ठरवून पार्टीला गेला नव्हता. रात्री दोन-दोनला उठून तुमच्या मेसेजची वाट बघत बसला असेल, किंवा नसेलही. तुम्ही विचारलंत कधी? आणि त्याने सांगितलं का? दोघं पाच वर्षं ओव्हरटेकवर बोलताय. मेमध्ये जे बोलायला हवं होतं ते डिसेंबरात शर्यतीच्या निमित्ताने निघालं, तेही काका-मामा-आत्यांच्या देखत.

म्हणून पहिलं काम, लग्नापर्यंत थांबू नका. मांडवात भेट झाली की दोघंही हसाल, फोटो काढाल, जेवणावळीत वाढाल आणि तो परत जाईल. लग्नघरात कोणाला कोणाशी बोलायला वेळ असतो? फोन आत्ताच करा. मेसेज नको, व्हॉइस नोट तर अजिबात नको, सरळ फोन. वहिनीच्या मार्फत नको, आईला मध्ये घालून ‘तू जरा बघ ना’ तर नकोच. तिने एवढ्या महिन्यांत दोन्हीकडचे फोन घेत बरंच सोसलंय.

बोलायचं थोडंच. ‘दादा, बाबांच्या ऑपरेशनवरून मी जे लिहिलं ते लिहायला नको होतं. माझं चुकलं.’ इथे थांबा. ‘पण तूही...’ आलं की सगळं मुसळ केरात. तो गप्प राहिला तर राहू द्या. थोरल्या भावांना माफी घेता येत नाही, ते ‘जेवलास का’ विचारतात. विचारलं तर खरं उत्तर द्या आणि गप्पा पुढे न्या.

त्याच दिवशी ग्रुपवरही एक ओळ टाका की दादाबद्दल लिहिलेलं मी मागे घेतो. चारचौघांत बोललात, तर चारचौघांतच मागे घ्यायला हवं. नुसतं डिलीट करून चालणार नाही, स्क्रीनशॉट आत्याकडे आहे हे मी पैजेवर सांगते.

आपलं मन दुखलंय हे सांगायचा हक्क तुम्हालाही आहे. पण ते त्याच फोनमध्ये नको. तो इथे येईल तेव्हा एखाद्या संध्याकाळी दोघंच बाहेर पडा आणि सांगा की त्या महिन्यात मला फार एकटं वाटलं होतं. ‘तू कुठे होतास’ आणि ‘मला एकटं वाटलं’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यावर माणूस वकील होतो, दुसऱ्यावर भाऊ. त्याची बाजू काय होती ते तेव्हा ऐकूनही घ्या. बाबांना हे सगळं कळू द्यायचं की नाही ते तुम्ही दोघांनी मिळून ठरवा, एकट्याने नाही.

शर्यतीचं काय, तेही विचारणार तुम्ही. बंद करायची गरज नाही. उलट बंद केलीत तर बोलायला उरेल काय? फक्त घरच्या ग्रुपवर नको. तिथे निम्म्या लोकांना डीआरएस म्हणजे क्रिकेटमधलाच वाटतो. दोघांचा वेगळा ग्रुप करा आणि त्यात मनसोक्त भांडा. यंदाची झांडव्होर्टची शर्यत ऑगस्टमध्ये आहे आणि नंतर ती कॅलेंडरवर नाही. सुट्टी आणि तिकिटाचे पैसे जमत असतील तर दादाला विचारून बघा, येऊ का म्हणून. त्या केशरी गर्दीत लाल टोपी घालून बसायची हिंमत असेल तर. लुईसला २०२५ मध्ये फेरारीतून रविवारच्या शर्यतीत एकदाही पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांतली जागा, दिसला नाही, त्यामुळे टोमणे खावे लागतील, ते खा.

आणि फोन शनिवारी करा, रविवारी नको. मार्चअखेर तिकडची घड्याळं पुढे जातात, मग साडेतीन तासांचा फरक राहतो. आपल्याकडे दुपारचा दीड वाजतो तेव्हा त्याच्याकडे सकाळचे दहा. चहा झालेला असेल, आणि क्वालिफायिंगला अजून वेळ असेल.

— ताई